आईंना सिनेमाला नेण्याबाबत

सौ. वन्सं यांना नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा, कारण मागच्या पत्रात निम्म्याहून जास्त जागा त्यांनीच घेतली होती. शेक सोडू नका. भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे; नसेल तर सिगारेट थांबली नसेल असं समजते.

महिनाअखेर येऊन आईंना कायमचं तुमच्याकडे नेता असं तुम्ही लिहिलंत. भाऊच राहिला नाही तर आईला वहिनीच्या गळ्यात कशाला ठेवायचं, हा तुमचा विचार बरोबरच आहे, आणि नको म्हणणारी मी कोण? फक्त एखादी गोष्ट घरी नेण्याआधी ती बाहेर कशी वागते हे माहीत असावं, म्हणून परवाच्या रविवारची हकिकत कळवते. वाचून मग ठरवा.

तुमचे बंधू दर रविवारी दुपारी आईंना कुठल्याशा सिनेमाला नेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते थिएटर म्हणजे फर्निचरच्या दुकानावरचं एक जुनं गोदाम. तिथे नवं काही लावत नाहीत. जुने, परक्या भाषेतले आणि ज्यात कोणालाच कसली घाई नसते असे सिनेमे लावतात. मालकच तिकीट फाडतो, मालकच कॉफी देतो आणि सुरुवातीला उभं राहून हा सिनेमा कसा बघायचा हेही मालकच सांगतो (भाषण कॉफीपेक्षा कडक). त्याची बायको पडद्याखाली लॅपटॉप घेऊन बसते आणि पात्रं काय बोलतात ते आपल्या भाषेत एकेक ओळ करून पडद्यावर सोडते. आईंना माणसं दिसतात, अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हे त्यांच्या कानाशी ओळी वाचत. मी कधी गेले नाही. रविवारची दुपार म्हणजे रिकाम्या घरात पुस्तक घेऊन बसायची माझी वेळ होती (आता घर रोजच रिकामं असल्यासारखं आहे, आणि पान काही उलटत नाही). हे गेल्यापासून आई पलंग ते खिडकी एवढाच प्रवास करत होत्या. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, जायच्या आधी एकदा सिनेमाला ने.

तर मी, आई, मुलगा आणि सूनबाई असे निघालो. तिथे खुर्च्यांना नंबर नाहीत, जो येईल तो बसेल असा कारभार. पण आईंनी मात्र कडेच्या खुर्चीसमोर उभं राहून तिथल्या गळपट्टेवाल्या गृहस्थाला शांतपणे सांगितलं, "उठा. इथे आम्ही बसतो." तो उठला. (तुमच्या घरी जेवणाच्या टेबलाशी भाऊजींची जागा ठरलेली असेल तर त्यांना आत्ताच कल्पना देऊन ठेवा.) आमचे चिरंजीव तेवढ्यात चार रांगा मागे जाऊन, आमची ओळखच नाही असा चेहरा करून बसले. सूनबाई बिचारी मध्येच कुठेतरी बसली, म्हणजे कोणाचीच बाजू घेतल्यासारखं दिसू नये.

सिनेमा नदीवरच्या एका नावाड्याचा होता. मी वाचायला लागले. आता माझं वाचन म्हणजे आपलं आपण शिकलेलं. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं वाचनालयाच्या पुस्तकांवर झालं, त्यामुळे स्वल्पविराम आला की मी थांबते. पडद्यावरच्या ओळी थांबत नाहीत. परिणाम असा झाला की नावाड्याची बायको बोलून गप्प बसायची तेव्हा माझं तिचं वाक्य सुरू व्हायचं, आणि नावाडी तोंड उघडून तिच्याच तक्रारी करायचा. आईंना तो नावाडी फार समजूतदार वाटला. गळपट्टेवाले आता आमच्या पुढच्या रांगेत होते. ते वळून वळून "शू" करत होते.

मध्यंतरानंतर लॅपटॉप बंद पडला. मालकाच्या बायकोनं बरीच खटपट केली, पण ओळी काही आल्या नाहीत. सिनेमा मात्र पुढे चालू, आणि परक्या भाषेत ती बाई खिडकीशी उभी राहून नवऱ्याला भलं मोठं काहीतरी सांगतेय. सगळीकडे शांतता. त्यात आई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय म्हणतेय ती?"

आता काय सांगायचं? मी सांगून टाकलं, की ती म्हणतेय, येताना दूध आणा, आणि त्या सुताराला सांगा दार फुगलंय, घासून द्या म्हणावं. (आमचं खरंच फुगलंय. तुमचे बंधू सुताराला सांगणार होते.) गळपट्टेवाले वळले. मला वाटलं आता हाकलतात. ते म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं." मग काय, शेवटपर्यंत मीच बोलले, दोघांच्याही वतीनं.

शेवटी पहाटेच्या धुक्यातून नाव रिकामीच काठाला लागते. बायको पाण्यात उतरून तिची दोरी धरते. आई म्हणाल्या, "आणि तो?"

मी म्हटलं, तो पलीकडे उतरलाय, चहा प्यायला. येईल.

आई "हं" म्हणाल्या.

दिवे लागल्यावर चर्चा झाली. गळपट्टेवाले उभे राहून म्हणाले, की ते फुगलेलं दार हे संपूर्ण समाजव्यवस्थेवरचं भाष्य आहे. मालकानं मान डोलावली. त्याची बायको तेवढी माझ्याकडे बघून हसत होती. चिरंजिवांनी मात्र मागच्या रांगेतून पुढे येऊन दोघातिघांना, ती माझी आई, असं सांगितलं म्हणे.

तर वन्सं, म्हातारी ही अशी आहे. लोकांना उठवते, भर सिनेमात बोलते आणि दुसऱ्यालाही बोलायला लावते. तुम्हाला झेपेल का, याचा शांतपणे विचार करा. सर्वांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याचं त्यानं वाटून घ्यावं.

तुमची वहिनी

ता. क. सुतार येऊन गेला. दार आता लागतं.

आणखी एक. जिना उतरताना आईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "तोही असंच सांगायचा. त्याच्या एकाही सिनेमात कधी कोणी मेलं नाही. मला दिसायचं सगळं, पण मी विचारायचे."

शेवटचं. वन्सं, आईंना नेऊ नका. ओझं त्यांचं नाही, त्या गेल्यावर जे उरेल त्याचं होईल. तुम्ही मात्र महिनाअखेर जरूर या, रविवार धरून या. तिसऱ्या खुर्चीची काळजी नको. आई उठवतील कोणाला तरी.