गुरुवारची पिशवी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती (दुकान बंद, पण कोणाचं अडलं तर चालू), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात गुडघे निकामी आणि डोकं शाबूत असं नमूद आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. चिरंजीव दर रविवारी येऊन परसात टेप लावून मोजमाप घेतात, त्याला मी दबाव मानत नाही.

माझ्या दिवंगत पत्नीचा उल्लेख यापुढे 'ती' असा केला आहे. वकीलबाई म्हणाल्या, "नाव लिहावं लागतं." मी म्हटलं, घरात मी तिला 'अगं' म्हणायचो, ते चालत असेल तर लिहितो. शेवटी 'ती'वर तडजोड झाली.

कलम १. बँकेत जे काही असेल ते कन्येला द्यावं. कन्येने कधी विचारलं नाही, म्हणून. हत्यारांची पेटी, तेलाची कुपी आणि बॉबिनचा डबाही कन्येलाच. चिरंजीवांना बिघडलेली वस्तू दिसली की ते नवी आणतात. मी जन्मभर एक मशीन भंगारात जाऊ दिलं नाही आणि तिने भाजीचं एक देठ कचऱ्यात जाऊ दिलं नाही. देठं, सालं, पालापाचोळा, सगळं परसातल्या खड्ड्यात जायचं आणि खत होऊन वर यायचं.

कलम २. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक यांनी त्या खड्ड्याच्या वासाबद्दल नऊ तक्रारी केल्या, सगळ्या सुवाच्य अक्षरात. त्यांच्या गुलाबांना ती भिंतीवरून गुपचूप खत टाकत असे, हे त्यांना ठाऊक नाही. बक्षिसं घेताना ते स्वतःच्या हाताच्या गुणाबद्दल बोलत. त्यांना एक पोतं खत देण्याचं मी योजलं होतं. परंतु ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असं कळल्यामुळे पोतं कालच देऊन टाकलं.

कलम ३. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी गाळायला सांगितलं होतं, मी गाळलेलं नाही.

सोळा वर्षांपूर्वी नळाला चार दिवसांआड पाणी येत होतं. एका दुपारी ती खडू घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर हिशोब करत बसली: एका पातेल्यातल्या मटणामागे, बकऱ्याच्या चाऱ्यापासून धरून, पाणी किती. हिशोब दारापर्यंत आला तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "मी सोडलं. तुमचं तुम्ही बघा."

संसारात 'तुमचं तुम्ही बघा' याच्याइतकं धोक्याचं वाक्य नाही. घाबरून मीही सोडलं. नऊ दिवस टिकलो.

दहाव्या दिवशी गुरुवार होता, दुकानाची सुटी. "शिंप्याचं मशीन अडलंय" असं सांगून मी बाजारामागच्या मामांच्या खानावळीत गेलो. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा, नात्याचे कोणाचेच नव्हेत. त्यानंतर दर गुरुवारी त्या गल्लीत कोणाचं ना कोणाचं मशीन अडू लागलं. येताना मी लवंग चघळत येई. ती म्हणे, "हल्ली तुमच्या तोंडाला वास छान येतो."

दोन वर्षांनी तिने मागच्या खोलीत भुशाच्या पिशव्या टांगून अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवायला घेतली. पहिल्याच गुरुवारी माझ्या हातात कापडी पिशवी देऊन म्हणाली, "तिकडे जाताच आहात, तर एवढी अळिंबी मामांकडे टाका. त्यांच्याकडे खपते." मला भरून आलं. बायको आपल्यावर किती विश्वास टाकते! बारा वर्षं मी ती पिशवी इमानाने पोचवली आणि तिथेच बसून मटणाचा रस्सा ओरपून घरी आलो.

ती गेल्यावर महिन्याभराने खानावळीत गेलो. घास उतरेना. फसवायलाच कोणी उरलं नव्हतं.

मामांना म्हटलं, "आज चव नाही हो."

मामा जवळ येऊन बसले. "चव तीच आहे, मशीनवाले. बारा वर्षं तीच आहे. वहिनींनी शपथ घातली होती, आता कोणासाठी पाळू? तुमच्या ताटात मटण नसायचं. तुम्ही आणायचात तेच असायचं. आजची अळिंबी तेवढी विकतची."

म्हणजे माझ्या लबाडीचं सामान मीच वाहून नेत होतो. आणि मी रागावावं तरी कोणावर? तिने सगळं ओळखलं होतं आणि बारा वर्षांत एकदाही टोचून बोलली नाही. त्या बाकड्यावर बसून मी आधी हसलो, मग रडलो, मग ताट पुसून खाल्लं. तिची मला फार आठवण येते. सबब मी जाहीर करतो की मी चौदा वर्षांचा शाकाहारी आहे, बारा नकळत आणि दोन जाणूनबुजून. ही दोन वर्षं अळिंबी मीच पिकवतो. पहिल्या खेपेची सगळी काळी पडली.

कलम ४. राहतं घर, मागची खोली, परस आणि खड्डा यांसह, चिरंजीवांना द्यावं. चिरंजीवांचं म्हणणं मला माहीत आहे: "बाबा, ती खोली पाडू, परसात फरशी घालू, दोन गाड्या आरामात राहतील." अळिंबीला ते 'ओल्या भिंतीवरची बुरशी' म्हणतात. मटणाशिवाय आपलं जेवण होत नाही, असंही म्हणतात. मीही म्हणायचो.

म्हणून सूचना अशी की, हे पाकीट याच घरात, सर्वांचं जेवण झाल्यावरच फोडावं. स्वयंपाक मामांनी करावा. चिरंजीवांना फक्त "मामांचा रस्सा आहे" एवढंच सांगावं. वकीलबाईंनी त्यांच्या समोर बसावं आणि लक्ष ठेवावं.

जेवलास ना, बाळा? रस्सा तू ....... वेळा मागून घेतलास. (रिकाम्या जागी आकडा वकीलबाईंनी भरावा, कमी करून भरू नये.) तो त्याच मागच्या खोलीतला होता.

वकीलबाईंनी इथे अट घातली होती: फरशी घातल्यास घर कन्येकडे जाईल. ती मी माझ्या हाताने खोडली आहे. तुझ्या आईने मला कधी अट घातली नाही. पिशवी दाराच्या खिळ्याला आहे, मामांकडे गुरुवारी द्यायची असते. बाकी तुझं तू बघ.

सही: (केली आहे.)

साक्षीदार १: मामा, खानावळवाले. "वाचून पाहिलं, खरं आहे. आकडा दोनच्या खाली आला तर माझा हात बिघडला समजा."

साक्षीदार २: निवृत्त मुख्याध्यापक, शेजारी. वासाबद्दलची तक्रार कायम ठेवून, आणि कलम २ आत्ताच वाचून, सही करीत आहे.

ठिकाण: परस, खड्ड्याशेजारची खुर्ची.
वार: गुरुवार.