मोजायचं राहिलेलं इंजिन

अप्पर हट,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

प्रिय वरुण,

सकाळी पाऊस होता, मग वारा सुटला. कपडे धुऊन आतच वाळत घातले. दुपारभर गॅरेजमध्ये होतो.

शनिवारी तू येणार आणि मकरंदच्या जुन्या फाल्कन गाडीचा टर्बो चालू करणार. काल फोनवर म्हणालास, "बाबा, हिशेब तुम्ही केलाय म्हणजे स्वीट ऍज, काळजीच नाही. दादाचं राहिलेलं पुरं करू." मी बरं म्हणालो.

हिशेब मीच केला होता. गाडी घेतली तेव्हा इंजिन चार पॉइंट नऊ लिटरचं की पाच पॉइंट आठचं, हे ठरवायचं होतं. मी इंजिनाच्या सांगाड्यावरचा, म्हणजे ब्लॉकवरचा नंबर आणि जुन्या मालकाचे कागद पाहिले आणि लहान आहे म्हणून सांगितलं. मकरंद म्हणाला, "एकदा मोजू या का?" मी हसलो. भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणीत काढली, मला काय मोजायला सांगतोस, म्हटलं.

आज एक स्पार्क प्लग काढला, भोकातून लाकडी काडी घातली आणि इंजिन हाताने फिरवलं. लहान इंजिन असतं तर पिस्टन शहात्तर मिलिमीटर सरकायला हवा होता. एकोणनव्वद सरकला. तीनदा मोजलं. दोन्ही इंजिनांचा ब्लॉक सारखाच असतो, हे मला आज वाचून कळलं. म्हणजे इंजिन मोठं आहे आणि कुणीतरी त्यावर लहान इंजिनाची हेड्स, म्हणजे वरची झाकणं, बसवली आहेत; त्यांच्यावरचा नंबर लहानाचाच आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती पट दाबली जाते ते, मी साडेनऊ धरलं होतं, ते अकराच्या जवळ जातं. त्यात टर्बोने आणखी हवा कोंबली तर पेट्रोल वेळेआधी पेटेल, पिस्टन फुटतील. तू तेव्हा मोटरवेवर असशील. दुपारपासून तेच डोळ्यांसमोर येतंय. बॅटरी काढून घरात आणून ठेवली आहे.

फोनवर तू माझी समजूत काढली असतीस, म्हणून लिहितोय. मकरंदची पाठ दुखायला लागली तेव्हा बॉनेटवर वाकून दुखते, असं मीच त्याला सांगितलं. त्याने ऐकलं. डॉक्टरकडे गेला तो पाच महिन्यांनी, आणि तोवर त्याला वाचवायची वेळ निघून गेली होती. हे मी कुणाजवळ बोललो नाही. तूही माझं असंच ऐकतोस, त्याची भीती वाटते. शनिवारी ये, पण गाडी चालू करायची नाही. हेड्स उतरवू, तू स्वतः मोज, माझ्यावर विसंबू नकोस. पिस्टन बदलायला वर्ष लागलं तरी चालेल. गाडी नाही झाली तरी चालेल.

आता हे कुरिअरला देतो. घरातलं दूध संपलंय, येताना डेअरीतून एक लिटर आणतो.

तुझाच,
बाबा