दाव्यासकट गेलेली शेळी

झरी,
पौष वद्य पंचमी, शके १८८०

चिरंजीव चंद्रभानास आईचा पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळं खुशाल. धरणावरच्या धुळीनं तुझा खोकला वाढला का, ते कळव. हरभरा घाट्यावर आलाय. तुझी नर्मदी उंबऱ्याला धरून उभी राहते, अन् पडली की माझ्याकडंच रागानं बघते, जसं काय मीच ढकललं.

शेळी दूध किती देते म्हणून तू विचारलं होतंस. देत असेल चांगलं. म्हणजे देतच असेल.

बाबा, सरळच लिहिते. चांदरी आपल्या दारात नाही.

नर्मदीची माय बाळंतपणात गेली तेव्हा तू भिंतीला टेकून बसला होतास, तुला काय दिसलं ठाऊक नाही. आपल्या रानात मेंढरं बसवायला आलेली बानूबाई धनगरीण पोरीचं रडणं ऐकून आली अन् काही न विचारता तिला पदराखाली घेतलं. तू चांदरी आणीपर्यंत पोर तिच्याच अंगावर जगली. ती निघाली तेव्हा मी लुगडं पुढं केलं. म्हणाली, "लुगडं हाय की माझ्याकडं. उद्या कुणाचं लेकरू उपाशी दिसलं तर त्याला पाज, म्हंजे झालं."

मागच्या बाजाराला मातीकामाची माणसं ओढ्याकाठी उतरली. त्यात सटवाजी म्हणून एक जण. बायको वाटेत तापानं गेलेली, झोळीत तान्हं. त्याला मी रोज सकाळचं दूध देत गेले. पोरगं जरा डोळे उघडून बघायला लागलं, तेवढ्यात त्यांचा मुक्काम हलला. मला काय झालं कोण जाणे, खुंट्याची चांदरी सोडली अन् सटवाजीच्या हाती दिली. तो घेईना.

"माय, तुमच्या घरात बी लेकरू हाय."

"माझं भाकर कुस्करून खातं," मी म्हणाले.

खातं. पण पोट भरतं का, ते तिचं तिलाच ठाऊक. शेजारची कासाबाई तर दारात येऊन बोलली, "घरच्या पोरीच्या तोंडचं काढून वाटंवरच्याला द्यायलीस. डोस्कं फिरलं का गं तुझं?" अन् आज सकाळी तीच तांब्याभर दूध ठेवून गेली. वर म्हणते, "तुला न्हाई, पोरीला हाय." आता हे मी कुणाला फेडू? तिला, का पुन्हा भलत्याच कुणाला? बानूबाई 'पाज' म्हणाली होती, शेळीच देऊन टाक असं कुठं म्हणाली? मी बरं केलं का वाईट, खरंच कळेना रे.

पण हे पत्र घाईनं लिहायचं कारण वेगळंच आहे. तांब्या ठेवता ठेवता कासाबाईनं विचारलं, "अन् दावं कुठाय?" जनावर दुसऱ्याला दिलं तरी दावं आपल्या घरी ठेवून घ्यायचं, हे का मला कुणी शिकवायचं? गडबडीत राहूनच गेलं. तू वळलेलं, लाल चिंधी गुंफलेलं अंबाडीचं दावं तिच्या गळ्यातच आहे. अन् ती माणसं येलदरीला, तुमच्याच धरणाच्या कामावर निघालीत.

तू बघशील अन् म्हणशील, चोरली. तुझ्या जागी कुणीही तेच म्हणेल; दिलेली असती तर दावं घरी राहिलं असतं. सटवाजीला तिथं कोण ओळखतं? खरं सांगितलं तरी कोण ऐकेल? चार जण धावून आले तर झोळीतल्या लेकरासकट मार खाईल.

शेळी तुझ्या कष्टाची होती, मी तुला विचारलं नाही. घरी आलास की माझ्यावर हवं तेवढं चिड, मी ऐकून घेईन. पण तिथं त्याला अडवू नको. दावं मागू नको. अन् चांदरी दिसली तर तिला हाक मारू नको, बाळा. ती तुझा आवाज ओळखते. पळत तुझ्याकडं येईल, अन् ते लेकरू तिच्या मागं रडत राहील.

अजून काही न उमगलेली,
तुझी आई,
मनकर्णा