तिठ्यावरचा चोथा

ज्यांच्या वैडूर्यनिळ्या प्रकाशात रोग्याची शय्यासुद्धा उजळून निघते त्या भैषज्यगुरू तथागतांच्या चरणी प्रथम मस्तक. आणि जिच्या हातातल्या वाळुंजाच्या डहाळीवरून एक थेंब ओघळला तरी तापल्या जिवाला गारवा मिळतो त्या गुआनयिन मातेला दुसरे वंदन. त्यांच्या कृपेने लेखणी सरळ चालो, आणि मजकूर जितका वाकडा आहे तितकाच वाकडा उतरो, अधिक नको.

मुक्काम छिंगशी, चांद्र सहाव्या महिन्याची एकोणिसावी तिथी.

स्नेहांकित मेहुणे फांग दालू यांस यान जीशान याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमचे क्षेम कळवावे. दात अद्याप सर्व आहेत ना? दोन्ही वेळचा भात पूर्वीसारखाच तीन वाडगे जातो ना? गेल्या साली तुम्ही नदीच्या पुरात म्हशीला शिंगांस धरून काठावर ओढून आणलेत, ती ताकद कायम आहे ना? (म्हशीचेही क्षेम कळवावे.) येथे सर्व ठीक आहे. तुमच्या भगिनीला किंचित ताप होता, त्याची हकीकत केवळ तुमच्या करमणुकीसाठी लिहीत आहे. काही मागावे असा हेतू नाही.

महाउष्म्याचा पंधरवडा सुरू झाला त्याच दिवशी आमच्या कुटुंबाचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी सुजला, तिसऱ्या दिवशी अंग असे तापले की कपाळावर ठेवलेली ओली घडी मी उचलली तेव्हा तिला इस्त्री केल्यासारखी ऊब होती. मोउ वैद्याला बोलावले. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, माझ्या हातातली जपमाळही पाहिली, आणि म्हणाला, "गुरुजी, आत उष्णता कोंडलीय आणि तिचं विष झालंय. तुमच्या जपानं उतरलं तर मी दुकानाला कुलूप लावून तुमच्या शेजारी जपाच्या तालाचा लाकडी मासा बडवत बसेन. तोवर ही पुडी घ्या." पुडीत सोने-रुपे फुलाच्या कळ्या होत्या (ज्या वेलीवर पांढऱ्या फुलतात आणि पिवळ्या होऊन मरतात, अनित्यतेवर याहून चांगले प्रवचन मी केलेले नाही), लियानछियाओ झुडपाची फुटकी बोंडे, निळीच्या झाडाचे मूळ, ज्येष्ठमध, शेवटी टाकायचा पुदिना, आणि ते प्रसिद्ध पिवळे मूळ, जे इतके कडू असते की मुक्याने खाल्ले तर त्यालाही तक्रार करावीशी वाटते. अशा सात पुड्या. रोज एक, दोनदा उकळायची.

आता चोथ्याचे. उकळून झालेला चोथा रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने तो तुडवायचा, आणि त्याच्या पायाबरोबर दुखणे घरातून निघून जायचे, ही आपल्याकडची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. तुमच्या आईने तुमच्या गोवराचा चोथा बाजारपेठेत टाकला होता, असे आमचे कुटुंब अजून सांगते. मला मात्र ही रीत कधी मानवली नाही. सर्व जिवांचे दुःख आपले म्हणावे असे सकाळी म्हणायचे, आणि दहा वाजता आपले दुःख कोण्या अनोळखी भाजीवाल्याच्या टाचेला चिकटवून द्यायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते? हे मी आजारी माणसाच्या उशाशी बसून सविस्तर, तीन दृष्टान्तांसह, सुमारे पाऊण तास सांगितले. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटले, तिला झोप लागली. (माझ्या निरूपणात तसे पुष्कळांना होते.)

परंतु चोथा टाकला नाही तर ताप उतरत नाही असे अख्खी गल्ली म्हणू लागली, तेव्हा मी मध्यम मार्ग काढला. चोथा तिठ्यावर टाकला आणि छत्री उघडून त्याच्याजवळ स्वतः उभा राहिलो. जो येईल त्याला वाकून सांगायचे, "जपून, इथे औषध आहे, कृपया कडेने जावे." कोपऱ्यावर टोफू विकणारी छ्यूमावशी हा प्रकार बघून हातातली सुरी खाली ठेवून म्हणाली, "गुरुजी, चोथा टाकतात तो लोकांनी तुडवावा म्हणून. तुम्ही तर त्याला पहारा लावलाय!" एक मोटारसायकलवाला तेवढा कडेने गेला नाही. त्याचे चाक चोथ्यावरून गेले. आता चाकाने तुडवले तर दुखणे स्वाराला लागते की चाकाला, हा प्रश्न मी दिवसभर मनात घोळवत होतो. संध्याकाळी कळले की पुलापलीकडे त्याचे चाक फुटले. मी त्या चाकासाठीही एक माळ ओढली.

दुपारी मात्र तिठ्यावर चिटपाखरू नसते. उन्हात दगड पांढरे पडतात, छ्यूमावशी फडके ओले करून टोफूवर टाकते आणि स्वतः मागे जाऊन निजते, कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीच्या मापाची होऊन पडतात. म्हणून मी बाराच्या ठोक्याला छत्री मिटून घरी येई, देवघराचे दार लावून घेई, आणि डोळे मिटून भैषज्यगुरूंचे नाम एकोणपन्नास वेळा घेई. मन इतके एकाग्र होई की शेजारच्या खोलीत कोणी भिंत पाडली असती तरी मला कळले नसते. (हे तेव्हा मी अभिमानाने म्हणत असे.)

पहिल्या दिवशी जपानंतर तिठ्यावर गेलो तो चोथ्यात एक पाऊल उमटलेले. अनवाणी, लहान, डावे. एकच. आणि बोटे आमच्या घराकडे.

मी म्हटले, असेल कोणाचे. पण सकाळी उतरलेला ताप त्या दुपारी पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशीही तेच पाऊल, त्याच जागी, त्याच दिशेला. आणि आमच्या उंबऱ्यावर एक उकडलेली, मलूल, तपकिरी कळी. ती ओली होती. तिसऱ्या दिवशी दोन कळ्या आतल्या बोळात, आणि एक आमच्या कुटुंबाच्या पलंगाखाली. ताप असा की तिच्या श्वासाने मच्छरदाणीचा पडदा फुगत होता. मी छ्यूमावशीला विचारले, दुपारी कोणी जाताना दिसले का. ती टोफू कापीत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "कोण जाणार? तुम्ही कुणाला तुडवू दिलंत का? मग ते जाणार तरी कुठं, गुरुजी? कुणी नेलं नाही, म्हणून आपल्या पायानं घरी परत येतंय." दालू, चाळीस वर्षे मी मुलांना शिकवले की भूत म्हणजे अज्ञान. त्या दिवशी मात्र मी भर उन्हात घरी जाताना रस्त्याच्या मधोमध चाललो, कारण भिंतीकडेला माझ्याशिवाय आणखी कोणी चालत आहे असे सारखे वाटत होते.

चौथ्या दिवशी मी आयुष्यात प्रथमच देवघराचे दार किलकिले ठेवले आणि एक डोळा उघडा ठेवून जपास बसलो. (यास प्रायश्चित्त काय, याचा शोध घेत आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून जप केल्यास आहे, एकास नाही.) एकविसावे नाम चालू असता बोळातून काही गेले. पांढरा अंगरखा, मोकळे केस, भिंतीला टेकलेला एक हात, आणि पावलांचा आवाज म्हणाल तर नाही. ते दाराशी थांबले. माझ्याकडे पाहिले की नाही, ठाऊक नाही, कारण तोपर्यंत मी दुसराही डोळा मिटून घेतला होता. जीभ मात्र आपली आपण नाम घेत होती. बाविसावे की बावन्नावे, देव जाणे. मग उठलो, छत्री घेतली (भुतावर छत्री कशी चालवतात हे मला विचारू नये) आणि मागोमाग गेलो.

पांढऱ्या उन्हात, डोक्यावरच्या सूर्यामुळे पायाखालीच गोळा झालेल्या सावलीवर उभी राहून, आमचे कुटुंब उजव्या पायात चप्पल ठेवून डाव्या पायाने चोथा तुडवीत होते. (उजवा घोटा मागच्या हिवाळ्यापासून सुजतो, म्हणून एकच पाय.) तुडवून झाल्यावर तिने तोंड घराकडे वळवले, आणि मी समोर.

"अगं, वेडबिड लागलं का? कुठं निघालीस?"

"निघाले नाही, परत चाललेय. माझं मी घेऊन."

"काय घेऊन?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, आपलं दुखणं दुसऱ्याच्या पायाला लावू नये? पाऊण तास म्हणालात. मग टाकलंय ते कुणीतरी उचलायला नको? रस्त्यात कसं सोडायचं? उद्या एखादं पोर खेळायला येईल."

मला वाटले होते तिला झोप लागली. दालू, साऱ्या जन्मात एका माणसाने माझे निरूपण शब्दशः ऐकले आणि शब्दशः आचरले, आणि ते ऐकून मी तिठ्यावर मट्कन खाली बसलो. छत्री उलटी झाली. छ्यूमावशी मागच्या दाराने बाहेर आली, आम्हां दोघांकडे पाहून म्हणाली, "भूत सापडलं वाटतं," आणि आमच्या कुटुंबाला पाठुंगळी घेऊन घरी पोचवले. मला कोणी उचलले नाही.

मोउ वैद्य तर संतापला. "मी पुड्या देऊन उष्णता बाहेर काढतोय आणि ही बाई बाराच्या उन्हात जाऊन पुन्हा भरून आणतेय! तीन पुड्या उरल्यात. पडून राहिली तर उठेल. आणखी दोन दुपारी अशी चालली, तर मला बोलवायला येऊ नका. त्या कामाचे लोक वेगळे असतात." मी तत्काळ जाहीर केले की आता चोथा रस्त्यावर टाकायचाच नाही, अंगणात पुरायचा. तर पलंगावरून आवाज आला, "म्हणजे गांडुळांना लागू दे म्हणता?" नदीत सोडू म्हटले, तर मासे. जाळू म्हटले, तर धुरात चिमण्या. सर्व जिवांची ही यादी मीच तिला गेल्या चाळीस वर्षांत पाठ करून दिली आहे. एकही जीव तिने गाळला नाही. सध्या चोथा स्वयंपाकघरात घमेल्यात ठेवला आहे. दोन दिवसांचा साचला आहे, वर बुरशी धरली आहे, आणि दुपारचे बारा वाजले की ती पलंगावर उठून बसते व घमेल्याकडे पाहत राहते. आणि खरे सांगतो, त्या वेळी घमेलेही तिच्याकडे पाहत आहे असे वाटते. मी दाराला आडवा बसतो. ताप आहे. पुडी एकच उरली आहे.

असो. काळजीचे कारण नाही. ऊन फार आहे, नदीला पाणी कमी असल्याने नावही चालत नसेल. तुम्ही मुळीच येण्याची तसदी घेऊ नये. घरातील मंडळींस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला,
यान जीशान

ता. क. तरी पण यावे. लगेच यावे. सुपात पडलेल्या माशीसह सूप पिऊन ढेकर देणारे, आणि पैजेवर स्मशानात पंख्याने वारा घेत निजणारे आमच्या आप्तांत तुम्ही एकटेच. तुमचा कशावरच विश्वास नाही, याबद्दल मी तुम्हांला पंचवीस वर्षे बोल लावले; ते सर्व मागे घेतो. तुम्ही या, तिच्या डोळ्यांदेखत घमेल्यातला चोथा अंगणात पसरा आणि हसत हसत तुडवा. जाणूनबुजून घेतलेले दुखणे लादलेले होत नाही, ते दानच स्वीकारल्यासारखे होते, असा आधार मी रात्रभर शोधून काढला आहे (आधार थोडा ओढून ताणून आहे). तिला म्हणावे, सहज आलो होतो. धाकट्या भावाने नेले म्हटल्यावर ती निजेल. ती एवढी एक दुपार निजायला हवी, दालू. मी दुसरे काही मागत नाही.

ता. क. दुसरा, दोन दिवसांनंतर. टपालवाला उन्हाने आजारी पडल्यामुळे पत्र अद्याप येथेच आहे. काल शेवटची पुडी उकळली. बाराला ती उठून उभी राहिली, तेव्हा मला दुसरे काही सुचेना. मी वहाणा काढल्या आणि घमेल्यातच उतरलो. दोन्ही पायांनी. बुरशी गार लागली. तिला म्हटले, "हे बघ, मी घेतलं. मागून घेतलं, कुणी दिलं नाही." ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली, मग आडवी झाली, आणि संध्याकाळपर्यंत घोरली. रात्री ताप उतरला. आज सकाळी पेज मागितली आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून मला बोलली. तेव्हा तुम्ही येण्याचे कारण राहिलेले नाही असे लिहिणार होतो.

परंतु पहाटेपासून माझा घसा बसला आहे. ऋतूच तसा आहे, दुसरे काही नाही. मोउ वैद्य येऊन गेला. त्याच पुड्या, सात. पहिला काढा तिने स्वतः उकळून दिला. मी हे लिहीत असता बाराचे ठोके पडले. ती चोथ्याचे भांडे घेऊन अंगणात गेली आहे, आणि दाराशी तिच्या चपला काढलेल्या दिसतात. या वेळी दोन्ही.

दालू, म्हैस, नाव, जे मिळेल त्यावर बसून या.

हे पत्र ज्याच्या हाती पडेल, मग तो मेहुणा असो, टपालवाला असो, की वाट चुकून वाचणारा असो, त्याचा घसा मोकळा राहो, कपाळ गार राहो, त्याचे पाऊल कोणाच्या दुखण्यावर न कळत न पडो. आणि कळून पडलेच, तर त्याच्या घरी त्याला आडवे बसून अडवणारे कोणीतरी असो. सर्वांचे कल्याण असो.