ब्रॅकनशॉचा बारावा गडी

४ एप्रिल १९०८, शनिवार

परत तेच! जिंकलो — म्हणजे ते अकरा जण जिंकले. मी पेटारा वाहिला. अकरा जर्सी, बुटांचे अकरा जोड, आमचा ट्रेनर टेट म्हातारा, त्याच्या मालिशच्या तेलाच्या बाटल्या. तळाशी माझे बूट, कोरडे ठणठणीत.

दोन हंगाम झाले. शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की मी धावत स्टेशनवर. कुणी आजारी पडलं, कुणाची गाडी चुकली, तरच बाराव्याला संधी. एकदा सामना सुरू झाला की संपलं. मग कुणाचा पाय मोडला तरी उरलेल्या दहांनी खेळायचं. आणि मी पडलो बदली गोलकीपर; आमचा गोलकीपर सायलस कधी आजारी पडत नाही. बैल आहे बैल!

गेल्या वर्षी लीग जिंकली. पदक कुणाला? निदान एक सामना खेळला त्याला. मला फक्त फोटोत उभं केलं, तेही टोकाला, अर्धा खांदा कापलेला. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, आमचा जावई फुटबॉलवाल्यांचा हमाल आहे म्हणून. अ‍ॅडाने ऐकलं आणि गप्प बसली. स्वतःची बायको! मला तिचाच जास्त राग आला.

यंदाही लीग आमचीच दिसते. तीन सामने उरलेत. एक तरी मिळू दे. एकच!

११ एप्रिल, शनिवार

घरचा सामना, जिंकलो. मी नेहमीसारखा गोलच्या मागे उभा होतो. सायलस चेंडूवर पडला आणि त्यांचा एक दांडगा बुटासकट त्याच्या उजव्या हातावर. बोट कसं वळलं ते मी पाहिलं. बाकी कुणी नाही.

सामन्यानंतर त्याने मला कोळशाच्या खोलीत ओढलं. करंगळीशेजारचं बोट सुजून गाजराएवढं, बुटाच्या खिळ्याने फाटलेलं. म्हणाला, "बांध. टेटला कळता कामा नये."

कारण मला ठाऊक आहे. मेच्या पहिल्या सोमवारी यादी लागते — क्लबने कुणाला ठेवलं, कुणाला काढलं. सायलस पस्तिशीचा. दुखतंय असं एकदा कळलं की डायरेक्टर त्याच्या नावावर काट मारणार. म्हणून आमच्यात कुणाची दुखापत कुणी सांगत नाही. सांगितली तर गिरणीतसुद्धा कुणी त्याच्याशी बोलणार नाही. दोन वर्षांपूर्वी एकाने सांगितली होती. तो गाव सोडून गेला.

मी बांधलं. धागा तुटला की आम्ही विणकर मारतो तीच गाठ — चपटी, ओढावी तितकी आवळणारी. सायलसलाही येते, पण एका हाताने स्वतःला कशी बांधणार? वरून लोकरीचा हातमोजा. झालं. माझी जागा मीच बांधून टाकली!

१२ एप्रिल

चॅपलमध्ये सायलस माझ्या पुढच्या बाकावर. हात खिशात. देवासमोरसुद्धा!

१५ एप्रिल, बुधवार

अ‍ॅडाला सांगून बसलो. चूक झाली. ती म्हणाली, टेटला जाऊन सांग, सायलसचंही भलं आणि तुझंही. मी म्हटलं, तुला खेळातलं काय कळतं? तर म्हणते, "पेटारा उचलण्यातलं कळतं." काळ्या वाटाण्यांची वाटी तशीच ठेवून मी उठलो.

सगळ्यात वाईट म्हणजे तिचं बरोबर आहे.

१८ एप्रिल, शनिवार

परगावी बरोबरी. आता शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली तरी लीग आमची, लागोपाठ दुसऱ्यांदा.

पट्टी सोडली तर वास आला. बोट निळंजांभळं, कडेने पू. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणतो, पंचवीस तारखेनंतर. मी नवी पट्टी बांधायला लागलो तर म्हणाला, "जरा सैल बांध रे."

"सैल बांधली तर सुटेल," मी म्हणालो.

माणूस पस्तीस वर्षांचा, दोन पोरं घरात, आणि सडकं बोट मोज्यात लपवून हसतो. त्याचा राग येतो. त्याला असं करायला लावणाऱ्या डायरेक्टरांचा येतो. आणि मी? मी काय करतोय?

२२ एप्रिल, बुधवार

ठरवलं. गिरणी सुटल्यावर सरळ टेटकडे गेलो. सगळं सांगायचं — बोट, पू, सगळं. चहाडखोर म्हणाले तर म्हणोत. माणसाचा हात आहे तो!

टेट बुटांना चरबी चोळत होता. मान वर करून म्हणाला, काय रे? सुरुवात करायची म्हणून म्हणालो, माझ्या बुटांचे खिळे एकदा बघशील का?

तो इतका हसला की ब्रश खाली पडला. "तुझ्या बुटांचे? अरे, ते झिजलेत कुठे? चर्चमध्ये घालून जातोस की काय!"

तिथे डायरेक्टरांचा कारकूनही होता. तोही हसला.

मी घरी आलो. बोटाचं टेटला सांगितलंच नाही. मरू देत सगळे!

२५ एप्रिल, शनिवार

लीग आमची! लागोपाठ दुसऱ्यांदा! लिहायचं म्हणून लिहितो.

सामन्याआधी कोळशाच्या खोलीत पट्टी बांधली. तो कळवळला, मग म्हणाला, "एनॉक, रागावलायस का माझ्यावर?" मी नाही म्हणालो.

शून्य-शून्य. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या डाव्या बाजूच्या गड्याने असा चेंडू हाणला की मला वाटलं, गेली लीग. सायलसने उजवा हात घातला. तोच हात! चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून बाहेर गेला. तो गोलमध्येच गुडघ्यावर बसला आणि लोकांना वाटलं, प्रार्थना करतोय.

मग बँड, मिरवणूक. त्याला खांद्यावर घेतलं. मोज्यातला हात उंच धरून तो सगळ्यांना दाखवत होता. मी मागून पेटारा घेऊन.

२७ एप्रिल, सोमवार

सायलस गिरणीत आला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याची बायको मार्था फाटकाशी आली. ताप आहे, कोपरापर्यंत लाल रेघ चढलीय. पट्टी कापून काढावी लागली, गाठ सुटेचना. डॉक्टरने विचारलं, कोणी बांधली? सायलस म्हणाला, मीच.

३० एप्रिल, गुरुवार

मनगटापासून हात काढला.

भेटायला गेलो. उशाशी पदक ठेवलेलं. डायरेक्टरांपैकी कुणी फिरकलं नव्हतं, नुसती फुलं पाठवलेली. पायाने उडवावीत असं वाटलं. टेट कोपऱ्यात बसून रडत होता, मला कुणी का नाही सांगितलं म्हणून. त्याच्याकडे बघवेना.

सायलसचा आवाज अगदी बारीक झालाय. डाव्या हाताने माझी बाही धरून म्हणाला, "तू कुणाला बोलला नाहीस, एनॉक. तुझ्यासारखा दोस्त नाही." मार्थाने माझ्यासाठी चहा आणला. तो मी प्यायलो.

४ मे, सोमवार

यादी लागली. गोलकीपर — एनॉक थॉर्प. अ‍ॅडाचे डोळे भरून आले. सासूबाईंनी केक पाठवला.

सुटू नये म्हणून गाठ किती आवळायची ते मला झोपेतही कळतं. पंचवीस तारखेला मी सायलसच्या मनगटावर गुडघा रोवून ती त्याहून जास्त आवळली. टेटचं हसणं कानात होतं.