न पाहिलेली फिरकी

आर्णी,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सलील यास दादाचे अ. उ. आशीर्वाद.

परवा सकाळी आंघोळ-पूजा आटोपून मी तुझा सामना पाहायला नागपूरच्या बसमध्ये बसलो, तिकीटही नागपूरचंच काढलं, आणि कळंबला उतरलो. चिंतामणीच्या मंदिरात पायऱ्या उतरून खाली बसलो, तो दुपारपर्यंत. वर आलो तसा अय्यूबभाईंचा फोन, की मधुभाऊ, हलू नका तिथून, सलीलले चार विकेट भेटल्या. गॅरेज उघडं टाकून ते मोबाईलवर स्कोअर पाहत होते. मी पुन्हा पायऱ्या उतरलो.

रजनी चिडवते, की वरातीला निघालेला माणूस वाटेतच जेवून परतावा, तशी तुमची तऱ्हा. चिडवू दे. यवतमाळला तुझ्या पहिल्या मोठ्या सामन्याला मी आलो, त्या दिवशी तुझ्या गोलंदाजीला मार बसला आणि संघातून नाव गेलं. नंतर मी आलो नाही, तर तू रणजीपर्यंत पोचलास. माझा पायगुण मला कळतो. तू गोलंदाजी करत असलास की मी देवासमोर नारळ घेऊन बसतो. विकेट पडली की फोडतो. एवढंच माझ्या हातात आहे. पाहावंसं मात्र फार वाटतं.

बोट जप. माया आहेच, तुझ्याकडूनही आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
मधुसूदन

नागपूर,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं आहे’च्या पुढं जात नाहीस, म्हणून मीही पत्रच लिहितो. कळंबले उतरला काहून? गेटवर तुझ्या नावाचा पास ठेवला होता. दर ओव्हर संपली की मी तुझ्या खुर्चीकडे पाहत होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, की शिक्षण अर्धवट टाकून मी खेळात गेलो, त्याचा तुझ्या मनात राग आहे. वहिनीला विचारलं की ती हसून विषय बदलायची.

दादा, यवतमाळला तू आलास म्हणून मार बसला नाही. मी घाबरून आखूड टाकत होतो, आणि आखूड फिरकी कुणीही मारतो. त्यात तुझ्या पायाचा काय संबंध?

तर्जनीचं पेर आता सुजलेलंच असतं. जानेवारीतला नागपूरचा सामना माझा शेवटचा. संघाला सांगून झालंय. देशाकडून खेळायचं राहिलं, ते दुःख जुनं झालं. पण बाबा लवकर गेले, आईला प्रवास झेपला नाही. माझा खेळ पाहील असं घरचं माणूस तूच उरलास. विकेट नको मले. तू ये.

वहिनीस नमस्कार. तुझी वाट पाहणारा,
सलील

आर्णी,
दि. २९ जानेवारी २०२६

चि. सलील यास आशीर्वाद.

सामना संपला त्या संध्याकाळी तू येऊन गळ्यात पडलास, तेव्हाही मी ‘बरं आहे’च्या पुढं गेलो नाही. म्हणून लिहितो.

येताना कळंब आलं तेव्हा पिशवी घेऊन मी उठलो होतो. कंडक्टर म्हणाला, की काका, तुमचं तिकीट तर नागपूरचं आहे. मी खिडकीतूनच चिंतामणीला हात जोडले आणि खाली बसलो.

तुझा चेंडू हातातून सुटला की वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि फलंदाजाला पुढं ओढतो, हे मला ठाऊकच नव्हतं. अय्यूबभाईंच्या स्कोअरमध्ये ते कुठं दिसणार! अंगणात मी बॅट धरायचो तेव्हाही तू मला असाच पुढं ओढायचास. हे सगळं इतकी वर्षं चाललं होतं, आणि मी देवळात बसलो होतो.

विकेट मिळेना. तुझ्या चेंडूवर झेल सुटला तेव्हा मी पिशवी उचलली आणि गेटपर्यंत गेलो. मी बाहेर पडलो की तुला विकेट मिळणार, अशी खात्रीच होती. मागं वळून पाहिलं, तर सीमारेषेशी पाणी पिता पिता तू माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतास. मी परत आलो. त्यानंतर तुला लागोपाठ दोन षटकार बसले, आणि तू माझ्याकडे पाहून लहानपणीसारखा हसलास.

नारळ पिशवीतच राहिला. रजनी म्हणते, की भावजी येतील तेव्हा त्याची चटणी करते. तेव्हा लवकर ये.

ऊन उतरलं, माणसं पांगली. शेवटचा चेंडू टाकून तू पंचांकडून टोपी परत घेतलीस, तोवर मी पुन्हा जागचा उठलो नाही.

आहे ती माया अशीच राहू दे.

तुझा दादा,
मधुसूदन