अकरा वर्षांचं ‘तुम्ही’

१८ एप्रिल १९६४, शनिवार

त्याला ‘तू’ मिळालं! जहाजावर येऊन सहा आठवडे झाले नाहीत, आणि मिळालं!

दुपारची कॉफी. सगळे अधिकारी टेबलाशी. कप्तान निसुला उठले, टेबलाला वळसा घालून युर्की कोस्कामो या नव्या अधिकाऱ्यापुढे गेले आणि हात पुढे केला. “वाल्फ्रिड.” तो लालेलाल होऊन उभा राहिला. “युर्की.” झालं. मोठ्याने धाकट्याला हात द्यायचा, दोघांनी आपापलं नाव सांगायचं, की जन्मभराचं अरे-तुरे. धाकट्याने मागायचं नसतं. वाट बघायची असते.

मी ‘हाल्ला’वर अकरा वर्षं बर्फ फोडतोय. त्यातली सात पहिला अधिकारी म्हणून. अजून “राउहाला, तुम्ही जरा बघता का?”

बराच वेळ कॉफी ढवळत बसलो. मी साखर घेत नाही.

१९ एप्रिल

दिवसभरात दोन मैल. बर्फ पाऊण मीटर जाड. मागे जायचं, जोर घ्यायचा, वर चढायचं, फोडायचं – पुन्हा मागे. पाठीमागे दोन मालवाहू जहाजं – एकात कोळसा, एकात मीठ. केमीच्या धक्क्यावर डिसेंबरपासून लाकूड पडून आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात बंदर उघडायचं.

निसुलांचा हा शेवटचा मोसम. बंदर उघडलं की ते घरी, आणि ‘हाल्ला’ ते सांगतील त्याच्या हाती. हेलसिंकीची कचेरी त्यांचा शब्द मोडत नाही. म्हणून म्हणतो, ते नुसतं ‘तू’ नव्हतं. मला कळत नाही असं कुणी समजू नये.

२१ एप्रिल

ब्रिजवर दोघांचं हसणं. मी आत गेलो की थांबतं.

२३ एप्रिल

नोंदवहीत लिहिलं – ‘मागच्या वाटेत पेज झाली आहे.’ फुटलेला बर्फ पाण्यात घोळून पुन्हा धरायला लागला की आमच्या हाइलुओतो बेटावर त्याला पेज म्हणतात. इथे सगळे चुरा म्हणतात. युर्कीने खांद्यावरून वाचलं. “पेज? मग वरून मीठ घालू का? मागचं जहाज भरलंय.”

सगळे हसले. निसुलाही. “ती राउहालांची पेज आहे. या समुद्रात दुसरं कुणी वाढत नाही.” हे ते दर वर्षी म्हणतात. पूर्वी मला आवडायचं.

बायकोला, सेल्माला, सगळं कळवलं होतं. तिचं उत्तर आलं – ‘एन्सियो, तुला तू म्हणायला मी आहे ना?’

२६ एप्रिल

पहाटेपासून नैर्ऋत्येचा वारा. असा वारा सुटला की बर्फाचं अख्खं मैदान सरकतं आणि काल फोडलेली वाट चेपून तिच्यातली पेज घट्ट होते. हे आमच्याकडे पोरंटोरं सांगतील. युर्कीने काय केलं? नकाशावर काल मारलेल्या रेघेवरून सरळ गेला! दक्षिणेकडचा माणूस – वाट म्हणजे त्याला डांबरी रस्ताच वाटला. धाडकन थांबलो. मागून कोळशाचं जहाज येतच होतं. इंजिन उलटं फिरवून थांबलं तेव्हा त्याचं नाक आमच्यापासून वावभर राहिलं होतं. मी मागच्या डेकवर होतो.

निसुला वर आले. नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं – ‘या वाटेचा निर्णय माझा.’

माझ्या हातून झालं असतं तर लिहिलं असतं का?

२८ एप्रिल

कचेरीला पत्र लिहिलं. छापील अक्षरांत, सही नाही. ‘पेज झालेल्या जुन्या वाटेत जहाज घातल्यामुळे टक्कर होता होता राहिली. कप्तान आपल्या लाडक्याची चूक अंगावर घेतात. त्यांना आता बर्फ नीट दिसत नाही. पुढचा कप्तान त्यांच्या मर्जीवर ठरू नये.’

पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसऱ्याचं म्हणाल तर, त्यांनी नवा चष्मा घेतला एवढंच खरं. त्यांची नजर माझ्याहून चांगली आहे.

२९ एप्रिल

किनाऱ्यावरून टपालाची घोडागाडी बर्फावरून आली. पत्र दिलं. बरं वाटलं. जेवेपर्यंत वाटत होतं.

१ मे

सणाचं मधाचं सरबत, बरोबर तळलेली जाळीची बिस्किटं. युर्की ग्लास घेऊन माझ्याकडे आला. मी तोंड वळवणार होतो.

“महिनाअखेरीस मी चाललो. तुर्कूच्या नौकानयन शाळेत शिकवायला. वाल्फ्रिडला आल्या दिवशीच सांगितलं होतं.”

“बोलला नाहीत ते!”

“तुम्ही माझ्याशी बोलता कुठे, राउहाला?” मग हसला. “एकदा त्याला विचारलं होतं, राउहालांना अजून हात का नाही दिला? म्हणाला, जहाज त्यांच्या हाती द्यायचंय. लोकांसमोर त्यांना कुणी अरे-तुरे केलेलं मला चालणार नाही, मी केलेलंसुद्धा. बंदर उघडलं, माझी टोपी उतरली, की पहिला हात त्यांनाच. तुमचं नाव त्याने फेब्रुवारीतच कळवलंय.”

ग्लास माझ्या हातात होता. प्यालो की नाही आठवत नाही.

२ मे

पत्र थांबवता येईल का? घोडागाडी बंद – बर्फ घोड्याला पेलत नाही. आपणच फोडलाय तो. आणि पत्र तीन दिवसांपूर्वीच रेल्वेने गेलं असणार.

५ मे

त्यांना सांगायचंच असं ठरवून केबिनशी गेलो. “बोला, राउहाला.” मी बर्फाची जाडी सांगितली. त्यांनी आभार मानले. मी भित्रा आहे. एवढ्या वर्षांत कुणी ओळखलं नाही, मीसुद्धा नाही.

६ मे

पुन्हा गेलो. दारावरूनच परत.

८ मे

बंदर उघडलं. शेवटच्या मैलाला निसुला ब्रिजवर बाजूला झाले. “तुम्ही न्या. मी नुसता बघतो.” मी नेलं. धक्क्यावर बँड, शाळेची मुलं, सगळ्या गिरण्यांचे भोंगे एकदम. मीठ पहिलं लागलं, मग कोळसा. लोकांनी टोप्या उडवल्या. निसुला कठड्याशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. मला वर बघवेना.

म्हणाले, “उद्या सकाळी कॉफीला या. माझं एक काम राहिलंय.”

कोणतं काम ते मला ठाऊक आहे. पत्र कुठेतरी हरवलं असेल. टपाल हरवतं कधी कधी.

९ मे, शनिवार

सकाळचं टपाल माझ्याआधी पोचलं होतं. टेबलावर माझं पत्र, त्याला कचेरीची चिठ्ठी टाचलेली. दोन कप कॉफी ओतलेली होती. टोपी खुंटीला. निसुलांचं बोट एका शब्दावर होतं.

“पेज,” ते म्हणाले. “एन्सियो, तू लिहिलंस ना हे?”

हात पुढे केला नाही.